गोल्फच्या माळावर मुंजाजीचं गाणं

धारूरच्या डोंगराकडेच्या एका माळावर गोल्फ खेळतात, असं कुणाला सांगितलं तर ऐकणारा आधी आपल्या तोंडाकडे बघतो आणि मग 'उन्हातून आलात का?' असं विचारतो. पण खेळतात, हे खरं आहे. आप्पांचा सुरज पुण्यातली नोकरी सोडून गावी आला, तो हे खूळ सोबत घेऊनच आला. आप्पा म्हणजे तिथले मोठे जमीनदार, दोनदा जिल्हा परिषदेवर निवडून गेलेले. त्यांनी पोराला एवढंच विचारलं, "ह्याच्यात पीक काय येतं?" पोरगं म्हणालं, "माणसं येतील." आणि आली की! बीड, माजलगाव, अंबाजोगाईचे डॉक्टर, वकील, सरकारी कामांची कंत्राटं घेणारे गुत्तेदार दर रविवारी गाड्या काढून माळावर यायला लागले.

मैदान सहा भोकांचं. भोकाभोवती पुण्यात म्हणे मखमलीसारखी हिरवळ असते. आपल्याकडे प्यायला पाणी पुरेना, तिथे मखमल कुठून आणायची? म्हणून सुरजने इंजिनाचं जुनं ऑइल वाळूत कालवून ती वाळू भोकाभोवती दाबून बसवली. खेळताखेळता चेंडू अडकावा म्हणून मध्येमध्ये कोरड्या वाळूचे खड्डेही केले. आपल्याच वाटेत आपणच खड्डे करायचे आणि त्यात पडलो की हळहळायचं, असा तो खेळ. बाकीच्या माळावर पावसाळ्यात गवत गुडघ्याला लागायचं. ते कापायला यंत्र न आणता सुरजने मुंजाजीला बोलावलं. मुंजाजीच्या मेंढरांनी गवत खायचं, त्याबदल्यात पलीकडच्या पाझर तलावावर जायला त्यांना मैदानातून वाट. करार तोंडी होता, आणि दोघांनी तो मोडला नव्हता.

मुंजाजी धनगर, साठीला आलेला, काटक. डोक्याला गुलाबी फेटा, खांद्यावर घोंगडी, हातात बाभळीची काठी. बोलण्यात अत्यंत कंजूष. माणूस चारचौघांत बसला तर तो आहे की उठून गेला, हे वळून बघावं लागायचं. गाणं-बिणं तर लांबच. देवाची आरती चालली तरी हा फक्त टाळी वाजवणार आणि ओठ हलवणार. त्याच्या मेंढरांवर मात्र त्याचा जीव. पासष्ट मेंढरं, आणि प्रत्येकीचा स्वभाव त्याला पाठ. गोल्फवाल्यांना पाहून तो एकदाच बोलला होता, "चेंडू आपणच लांब धाडायचा अन् आपणच हुडकत फिरायचं. आमच्या भोरीचं असंच हाय, पण ती जनावर हाय."

असा हा अबोल माणूस तीन वर्षांपूर्वी धारूरच्या बाजारातून गळ्यात अडकवायचा स्पीकर घेऊन आला, तेव्हा वस्तीला नवल वाटलं. मोबाइलच्या दुकानातून एका कार्डात भजनं, लावण्या, जुनी सिनेमाची गाणी, जे मिळेल ते भरून आणलेलं. निवड अशी काही नव्हतीच. सकाळी मेंढरं सुटली की स्पीकर सुरू, दिवस मावळला की बंद. "म्हातारं रंगेल झालं बे," असं पोरं म्हणायची. मुंजाजी कुणाला उत्तर द्यायचा नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायचा, "मेंढरं गाण्यावर चालत्यात."

खरं कारण छबुबाई होती. छबुबाई त्याची बायको, आणि तिला दिसत नव्हतं. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही धुरकटलं. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही, राहिलेली टिकवायला थेंब घाला, म्हणाले. थेंब घातले. तरी राहिलेलीही गेली. उजेड-अंधार कळायचा, आणि ऊन असेल तर समोर कुणीतरी उभं आहे एवढं.

वस्तीत हे कुणाला माहीत नव्हतं, कारण छबुबाईने कळू दिलं नव्हतं. घरात तिला पावलापावलाचा अंदाज. भाकरी हाताच्या मापाने गोल. मेंढराच्या पाठीवरून हात फिरवला की काळी कोणती, लंगडी कोणती, गाभण कोणती ते ती सांगायची. हे झाकून ठेवायचं कारणही साधं होतं. मुलगा जीवन बीडला रिक्षा चालवायचा आणि दर फोनला म्हणायचा, "बास झालं आता. मेंढरं इका अन् इकडं या." पोराची माया खोटी नव्हती. पण आईला दिसत नाही हे त्याला कळलं असतं तर आठ दिवसांत कळप विकला गेला असता, आणि चाळीस वर्षं माळ तुडवलेली बाई बीडच्या एका खोलीत कॉटवर बसवली गेली असती. छबुबाई मरणाला भ्यायची नाही, त्या कॉटला भ्यायची.

कळपाला दोन माणसं लागतात, एक पुढे आणि एक मागे. मागच्याने रेंगाळलेलं मेंढरू हाकायचं, दमलेलं कोकरू उचलायचं. मागचं काम छबुबाईचं. मेंढरांची घुंगरं चहूकडून वाजतात, त्यांवरून वाट कळत नाही. वाट कळायची ती पुढून येणाऱ्या गाण्यावरून. गाणं जिकडे, तिकडे नवरा. नवरा जिकडे, तिकडे पायाला धोका नाही. एवढ्या भरवशावर ती बाई डोंगर चढायची आणि उतरायची.

आता गंमत अशी, की या गोष्टीवर नवरा-बायको एकमेकांशी एक अक्षरही बोलले नव्हते. त्याने स्पीकर आणला तेव्हा म्हणाला, "मेंढरांसाठी आणलाय." ती म्हणाली, "बरं केलं, मेंढरं लई भरकटायलीत." बस. तुला दिसत नाही असं त्याने म्हटलं नाही, मला दिसत नाही असं तिने म्हटलं नाही. मोठमोठ्या घरांत जो अदब पाळला जात नाही, तो त्या पत्र्याच्या घरात पाळला जात होता.

गाणं किती मोठ्याने लावायचं याचंही मुंजाजीचं माप होतं. कळपाच्या शेपटापर्यंत पोचलं पाहिजे, त्याच्यापुढे नाही. दुसऱ्याचा कळप आडवा आला की आवाज कमी. मेंढी विणार असेल तर बंद, आणि तेवढा वेळ तो स्वतः मागे छबुबाईपाशी येऊन बसायचा. ज्या घरी मयत झाली असेल त्या घराच्या शिवेवरून तेरा दिवस गाणं न्यायचं नाही. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि याला काही नियम म्हणतात हेही त्याला ठाऊक नव्हतं.

म्हणून एकदा सुरज नव्या पाहुण्यांना समजावत होता ते ऐकून मुंजाजी चकित झाला. सुरज म्हणत होता, "गाणी लावा, पण आपलं गाणं आपल्या चौघांपुरतं. शेजारच्यांना ऐकू जाता कामा नये. आणि दुसरा मारायला उभा राहिला की बंद. सगळ्या जगात हीच पद्धत आहे." मुंजाजीने मान डोलावली. या लोकांना अगदीच कळत नाही असं नाही, हे त्याला त्या दिवशी पटलं.

पण पद्धत सांगितली म्हणून पाळली जाते थोडीच! भादव्यातल्या एका रविवारी बीडच्या चार गुत्तेदारांनी पेटीएवढा स्पीकर गाडीच्या टपावर ठेवला आणि असा काही धिंगाणा लावला की झाडावरचे होले उडून गेले. माजलगावच्या एका डॉक्टरचा चेंडू ऐनवेळी भलतीकडे गेला. डॉक्टर बोलले, गुत्तेदार बोलले, मग गोल्फच्या काठ्या हातात होत्याच. सुरज मध्ये पडला म्हणून थोडक्यात भागलं. पुढच्या रविवारी स्पर्धा होती, साठ-सत्तर माणसं येणार होती. सुरजने रंगाऱ्याला गाठलं, आणि शनिवारी संध्याकाळी मैदानाच्या तोंडाशी पाटी उभी राहिली: 'मैदानावर कोणीही गाणी वाजवू नयेत.'

मुंजाजी चौथी शिकलेला. त्याने पाटी एकदा वाचली, परत वाचली आणि सुरजच्या ऑफिसाच्या दारात जाऊन उभा राहिला.

"बापू, ते पाटीचं..."

"मामा, माफ करा, पण सगळ्यांना एकच नियम," सुरज फोन कानाला लावूनच म्हणाला. "तुमचा आवाज काही मोठा नसतो, मला माहीत आहे. पण तुम्हाला सूट दिली की ते गुत्तेदार माझं डोकं खातील. उद्याचा दिवस तेवढा सांभाळा. मेंढरं दहाच्या आत पार काढा."

मुंजाजीला त्यात खोट काढता येईना. पोरगं न्यायाचंच बोलत होतं. आणि आपली अडचण सांगायची तर छबुबाईचं झाकलेलं उघडं करावं लागणार. तो "बरं" म्हणून परतला.

घरी आल्यावर त्याने भीतभीतच विषय काढला. "उद्या तू ऱ्हा घरी. पाव्हणे लई यायलेत."

छबुबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. "पाव्हणे काय मेंढरांत शिरायलेत व्हय?"

"तसं न्हाई. पाटी लावलीय बापूनं. गाणं वाजवायचं न्हाई म्हणं कुणीच."

तिचा हात भाकरीवर थांबला. "मंग मेंढरं कशी यायची मागं?" तिने विचारलं.

भाकरी तव्यावर टाकताना तिचं बोट भाजलं. असं तिचं कधी होत नसे. एक दिवस घरी राहणं म्हणजे काय, हे दोघांनाही कळत होतं. आज पाहुणे आहेत, उद्या पाऊस आहे, परवा पाय दुखतोय. आणि चौथ्या दिवशी माणूस कॉटवरच असतो. आपण हे बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं त्याला रात्रभर वाटत राहिलं.

सकाळी मेंढरं सुटली. छबुबाई काठी घेऊन नेहमीसारखी मागे उभी होती. मैदानाच्या तोंडापर्यंत स्पीकरवर एक भजन चाललं होतं. पाटीपाशी मुंजाजीने बटण दाबलं आणि भजन मध्येच तुटलं. गडबड अशी झाली होती, की पाहुणे दहाला यायचे ते साडेआठलाच आले होते आणि खेळ सुरू झाला होता. जिकडे बघावं तिकडे पांढऱ्या टोप्या.

मुंजाजीने मागे वळून पाहिलं. छबुबाई पाटीपाशी उभी होती, मान थोडी वाकडी करून ऐकत. घुंगरं चहूकडे. ती एक पाऊल डावीकडे गेली, थांबली, परत आली. चाळीस वर्षांत मुंजाजीने तिला असं अडलेलं पाहिलं नव्हतं. पुढे वीस हातांवर वाळूचा खड्डा होता.

आणि मुंजाजीला ती पाटी आठवली. गाणी 'वाजवू' नयेत. वाजवू! म्हणू नयेत असं कुठे लिहिलं होतं?

त्याने घसा खाकरला. गाणं तर एकही येत नव्हतं, सगळी कार्डात. मग जे तोंडाला आलं ते तो म्हणायला लागला. आवाज असा, की पत्र्यावरून खुरपं ओढावं.

"चल गं काळे, चल गं भोरे, वाळू डाव्या हाताला,
पुढं हाय खड्डा बारका, पाय उचला जाताना..."

छबुबाईची मान सरळ झाली. ती चालायला लागली, आणि बारक्या खड्ड्यापाशी तिने बरोबर पाय उचलला.

टोप्या वळल्या. कुणी हसलं, कुणी मोबाइल काढला. गेल्या रविवारचे भांडकुदळ गुत्तेदार ओरडले, "काय सुरजशेठ, आमच्या गाण्याला बंदी अन् ह्यांची मैफल?" सुरज लाजून लाल. तो तरातरा मुंजाजीकडे निघाला. मुंजाजीला तो येताना दिसत होता, तरी तो थांबेना.

"साहेब उभे ओळीनं, त्यांना वळसा घाला गं,
धा पावलं सरळ हाय, न भेता चाला गं..."

"मामा!" सुरजने त्याला गाठलं. "काल काय ठरलं होतं आपलं?"

मुंजाजीने गाणं थांबवलं. "वाजवलं न्हाई बापू," तो खाली बघत म्हणाला. "म्हणलं."

सुरज रागाने काहीतरी बोलणार होता, पण एक गोष्ट त्याला खटकली. मेंढरांना दहा पावलं कोण सांगतं? मेंढराला कधी मोजता येतं का? त्याने मागे पाहिलं. मेंढरं त्यांच्या मर्जीने चरत होती, गाण्याचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. गाणं थांबल्याबरोबर थांबली होती ती फक्त छबुबाई. मैदानाच्या मधोमध, एक पाऊल पुढे टाकून, काठी घट्ट धरून, तोंड गाणं थांबलं त्या दिशेला. आणि तिच्यामागे उंचवट्याच्या पलीकडे एकाने चेंडू मारायला काठी उगारली होती. त्याला ती दिसणं शक्य नव्हतं.

"थांबा! कुणी मारू नका!" सुरज जिवाच्या आकांताने ओरडला.

उगारलेली काठी न मारताच खाली आली. सगळं मैदान सुरजकडे बघायला लागलं. मुंजाजीही बघत होता. आता हा पोरगा एक वाक्य बोलेल आणि सगळं संपेल, हे त्याला दिसत होतं. मामीला दिसत नाही, मामीला बाजूला घ्या. एवढंच वाक्य. साठ माणसांत ते ऐकू जाईल, दुपारपर्यंत वस्तीत आणि संध्याकाळी बीडला. त्याने सुरजकडे नुसतं पाहिलं. हात जोडावेत असं त्याला वाटलं, पण हातात काठी होती.

सुरजने त्याच्याकडे पाहिलं, मग छबुबाईकडे. मग तो पाहुण्यांकडे वळून मोठ्याने म्हणाला, "ही मेंढरं गाण्यावर चालतात. गाणं थांबलं की बुजतात, मग दिवसभर आवरत नाहीत. ती पार होईपर्यंत कुणी काठी उचलायची नाही."

"अन् तुझी पाटी?" गुत्तेदाराने विचारलं.

"पाटीवर वाजवू नका लिहिलंय," सुरज म्हणाला. "ते म्हणताहेत." मग हलक्या आवाजात, "म्हणा मामा. सावकाश म्हणा."

मुंजाजीने परत घसा खाकरला. काळी, भोरी, लंगडी सगळ्यांची नावं घेत, दगड कुठे, चढ कुठे, ओली जागा कुठे ते सांगत तो पुढे चालला. कवितेचं म्हणाल तर यमक एक जुळलं आणि दहा हुकली. पण गोल्फमध्ये दुसरा मारायला उभा राहिला की बाकीच्यांनी श्वाससुद्धा जपून घ्यायचा असतो, तशी ती साठ माणसं उभी राहिली. कशासाठी उभे आहोत हे त्यांना कळलेलं नव्हतं. कळलं होतं ते एकट्या सुरजला, आणि तो डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभा होता. छबुबाई त्याच्या अगदी जवळून गेली. त्याने वाटेतली आपली पिशवी हळूच मागे ओढून घेतली.

पाझर तलाव आला. मेंढरं पाण्याला लागली. मुंजाजी करंजाच्या सावलीत टेकला. घसा सोलून निघाला होता. छबुबाई मागून आली, काठीने दगड चाचपून त्याच्याशेजारी बसली आणि पाण्याची बाटली त्याच्या मांडीवर ठेवून दिली.

दोन घोट घेऊन मुंजाजी बोलला, "उद्या पाटीच्या अल्याड लावता येतो गाण्याचा डबा. पल्याड तेवढा बंद ठेवायचा."

"नगं," छबुबाई म्हणाली. "डबा राहू द्या घरी. तुमीच म्हणा."

"हे असलं? लोक हसायले की."

"हसू द्या." पदराने तिने तोंड पुसलं. "डब्यानं तुमी कुठं हाव तेवढं कळायचं. कसं हाव ते कळत न्हवतं मला."

मुंजाजीने तिच्याकडे वळून पाहिलं. मेंढरांना कळत नव्हतं, असं ती म्हणाली नव्हती. तीन वर्षांत पहिल्यांदा ती 'मला' म्हणाली होती. त्याने हातातली काठी बाजूला ठेवली, तिचं कालचं भाजलेलं बोट हातात घेतलं आणि विचारलं, "दुखायलंय का गं?"